सपाट आलेख

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझा चोरून खाल्लेला गुलाबजामसुद्धा लपत नाही.

संभाजीनगरात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचो. अजिंठ्याजवळच्या एका ओढ्याच्या गाळातून आम्ही एक जिवाणू आणला होता. त्याच्यात सायटोक्रोम असावं, असा माझा अंदाज — म्हणजे इलेक्ट्रॉन पुढे पोचवणारं, हिमोग्लोबिनसारखंच लोह बाळगणारं लाल प्रथिन. ते असलं, तर नमुना किती प्रकाश शोषतो त्याच्या आलेखावर ठरावीक जागी टोकदार शिखर येतं.

माझ्या आलेखात आलं. मग शोधनिबंध, शाल, नारळ, आणि सायटोक्रोम हे एखादं औषध असावं अशा समजुतीनं झालेली भाषणं. सत्कारांना मी जन्मभर हसलो. त्या दिवशी मात्र खांदे पुढे केले.

पुढच्याच आठवड्यात प्रयोग पुन्हा केला. आलेख सपाट. मग आठवलं — पहिल्या प्रयोगाच्या दिवशी मशीन तपासायला मी घोड्याच्या हृदयातलं विकतचं सायटोक्रोम वापरलं होतं, आणि काचेची तीच नळी नीट न धुता पुढे घेतली होती. शिखर घोड्याचं होतं.

कबूल करायला किती वेळ लागला असता? पाच मिनिटं? मी वही मिटली.

इथवर चूकच म्हणता येईल. सांगायचंय ते पुढचं —

सोयगावची सुजाता माझ्याकडे पीएच.डी.ला आली. घरातली इतकं शिकलेली पहिलीच. मी तिला तेच प्रथिन वेगळं काढायला दिलं — दिलं नसतं, तर लोकांनी का नाही असं विचारलं असतं. तीन वर्षं ती जिवाणू वाढवत, फोडत, गाळत राहिली. "सर, लई वेळा केलं, काहीच दिसंना."

आणि मी काय म्हणालो? "तुझा हात लागला की जिवाणूसुद्धा लाजतात."

प्रयोगशाळा हसली. सरांचाच विनोद, त्यामुळे पोरं रोज वापरू लागली. तीही हसायची — आधी आधी.

शेवटी मीच तिला समोर बसवून सांगितलं, प्रयोग हे तुझं काम नाही. तिनं वह्या रचून माझ्या टेबलावर ठेवल्या आणि गेली. तीन वर्षांचे सपाट आलेख. सगळे बरोबर.

गेल्या महिन्यात सिल्लोडला एका कार्यक्रमात भेटली. तिथं कॉलेजात शिकवते. धावत जाऊन माझ्यासाठी चहा घेऊन आली.

"सर, बरं झालं तुम्ही वेळेवर सांगितलं. मी नुसतं फळ्यावर शिकवते, प्रॅक्टिकल दुसऱ्या मॅडम घेतात. माझ्या हाताला ते जमतच नाय ना."

चहा चांगला झालाय, म्हणालो.