गाडी बघायला गेलेली मंडळी

माझं उभं करिअर दार सरकवण्यात गेलं. नोव्हायमध्ये, म्हणजे आमच्या या परदेशातल्या मोटारींच्या गावात, असं म्हटलं तर कुणी हसत नाही, कारण इथे प्रत्येक जण गाडीच्या कुठल्यातरी एकाच अवयवावर पोट भरतो. माझ्या वाट्याला व्हॅनचं सरकतं दार आलं. ते अडकू नये, खडखडू नये, पोरांची बोटं त्यात सापडू नयेत, एवढ्यासाठी मी केस पांढरे केले. नवरा ब्रेकमध्ये आहे. तसा तो घरीही ब्रेकच आहे, पण पगार त्याला गाडीतल्या ब्रेकचा मिळतो.

साहजिकच आमच्याकडे व्हॅन होती. मुलं तिच्यात रडली, भांडली, मोठी झाली आणि कॉलेजला निघून गेली. व्हॅन राहिली आणि हळूहळू गावाची झाली. कुणाचे आईवडील भारतातून यायचे असले, की फोन यायचा, "तुमची व्हॅन आहे ना?" गणपतीचं मखर हलवायचंय, मराठी मंडळाच्या जेवणाचे ट्रे आणायचेत, कुणाच्या मुलीच्या अरंगेत्रमला, म्हणजे नाचाच्या पहिल्या कार्यक्रमाला, मृदंगवाला आणि मृदंग पोचवायचेत, व्हॅन आहेच. व्हॅनबरोबर ड्रायव्हर फुकट, आणि ती ड्रायव्हर मी.

तर पन्नाशी उलटल्यावर मला दोन सीटांची गाडी हवीशी वाटली. कापडी टप मागे पडणारी, जमिनीला चिकटून धावणारी, गिअर हाताने टाकायचा असलेली. नवी परवडली असती, पण जुनीच हवी होती. नव्या गाड्या ड्रायव्हरला शहाणपण शिकवतात आणि तेवढ्यासाठी माझ्या घरात माणसं आहेत. खरं सांगायचं तर गाडीपेक्षाही मला ती निवडायची होती. इंजिनिअरिंगची ब्रँच मामाने निवडली, नवरा आत्याने शोधला, घर शाळा बघून सगळ्यांनी मिळून ठरवलं, व्हॅन तर मंडळाच्या पिकनिकमध्ये चर्चा होऊन आली. सगळं चांगलं निघालं, हीच तर पंचाईत. तक्रार करायलाही जागा नाही. म्हणून एक तरी गोष्ट मी एकटीने, कुणाची संमती न घेता घ्यायची, असं मनाशी पक्कं केलं होतं.

आणि मग मी नवऱ्याला सांगितलं. सांगू नये ते सांगायची खोड असते एकेकाला. त्याने "बघू" म्हटलं आणि व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकलं.

दोन दिवसांत नोव्हायभर झालं. देशी ग्रोसरीत भेटलेले लोक नवऱ्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "काय राव, म्हातारचळ?" मी शेजारी कोथिंबीर निवडत उभी. गाडी माझ्यासाठी आहे, हे कुणाच्या डोक्यातच येईना. बाईला म्हातारचळ लागत नाही, असा आपल्याकडे एक गैरसमज आहे.

मला हवी तशी गाडी एका तळ्याकाठच्या गावात मिळाली. मालक निवृत्त शिक्षक होता. फोनवर म्हणाला, गुडघे गेले, आत बसता येतं पण बाहेर यायला बायकोला हाक मारावी लागते. मी शनिवारी येते म्हणाले. शनिवारी सकाळी खाली येऊन बघते, तर दारात दोन माणसं उभी. एक नवऱ्याचा पुण्याचा मित्र, गिअरबॉक्समधला. दुसरे काका, म्हणजे सगळ्या गावाचेच काका.

काकांबद्दल सांगायला हवं. ते फार पूर्वी या देशात आले, जन्मभर पत्र्याचा गंज या एका विषयावर काम केलं आणि आता निवृत्त आहेत. इकडे हिवाळ्यात बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते गाड्या खालून खातं, त्यामुळे काकांचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. काका गाडीखाली जातात, बाहेर येतात, "घ्या" किंवा "नको" म्हणतात. आमच्यातल्या कुणी त्यांचं "नको" ओलांडल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. पत्रिका न बघता लग्न करतील लोक, पण काकांना न दाखवता गाडी घेणार नाहीत.

"एवढ्या लांब तू एकटी कुठे जाणार?" नवरा म्हणाला. सगळे माझ्याच व्हॅनमध्ये बसले आणि चालवायला मीच.

मालकाने गाडी धुऊन पुसून अंगणात उभी केली होती. गर्द हिरवी. त्याच्या बायकोने कुकीज आणि लिंबू सरबत आणलं, आणि मला एकदम माझ्याच कांदेपोह्यांची आठवण झाली. तेव्हाही मंडळी अशीच टेकून बसली होती आणि मुलीला सोडून सगळ्यांशी बोलत होती. मालकाने हात पुढे केला तो नवऱ्याकडे. "तुमची आवड चांगली आहे," तो म्हणाला. नवऱ्याने थँक यू म्हटलं. म्हटलं त्याने, खरंच.

मग कार्यक्रम सुरू झाला. काकांनी योगा मॅट अंथरली, रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक आणि टॉर्च घेतला आणि पाय तेवढे बाहेर ठेवून गाडीखाली अंतर्धान पावले. मित्र आत बसून गिअर पुढेमागे करत डोळे मिटून ऐकू लागला. नवरा चाकाशी उकिडवा बसून "हं" करत होता. आणि मी? मी दारं बघितली. उघडली, मिटली, परत उघडली, बिजागरीला बोट लावलं. दारं उत्तम होती.

मालक माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "हे सगळे गाडी घेणार आहेत का?"

"नाही," मी म्हणाले. "मी घेणार आहे. चालवून बघू?"

त्याने खिशातून किल्ली काढून माझ्या हातात दिली. नवरा धावत येऊन शेजारी बसला. क्लच मी नागपूर सोडल्यापासून दाबला नव्हता. अंगणातच गाडी बंद पडली. फाटकाशी बंद पडली. रस्त्यावर आल्यावर तिने एक बेडूकउडी मारली आणि नवऱ्याने पायाने फ्लोअर दाबला. तिथे ब्रेक नाही हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार! मग दुसरा गिअर पडला, तिसरा पडला, तळं बाजूने पळायला लागलं, वाऱ्याने माझ्या केसांचं घरटं केलं आणि मी मोठ्याने हसायला लागले. का ते सांगता येणार नाही. मला आनंद झाला होता, इतका की लाजच वाटली.

"स्लो डाउन कर ना, प्लीज," नवरा म्हणाला. मी चौथा टाकला.

परत आलो तर झाडाखाली निकाल तयार होता. मालकासमोर मराठीत बोलायचं, म्हणजे ते गुप्त राहतं.

"सेकंड गिअर थोडा कुरकुरतो, वहिनी," मित्र म्हणाला. "आज ना उद्या काम निघणारच. आपण सांगून ठेवलं."

"मागचे डिस्क चेंज करावे लागतील," नवरा म्हणाला.

काकांनी चष्मा पुसला. "गंज आहे बाई. वरून दिसत नाही, पण आहे. नको."

झालं. मित्र व्हॅनकडे निघालासुद्धा. नवऱ्याने मालकाला सांगायला "वेल..." अशी सुरुवात केली.

"घेते मी," मी म्हणाले.

आधी मराठीत म्हणाले, मग मालकाला कळावं म्हणून इंग्रजीत. एवढ्याशा वाक्याला पन्नास वर्षं लागली, असं काही मनात आलं नाही. मी पर्समधून चेकबुक काढलं.

"यार, समजाव ना," मित्र नवऱ्याला कुजबुजला.

काका माझ्याकडे बघत राहिले. "मग मला कशाला आणलंत?"

प्रश्न रास्त होता. "काका, मी नाही बोलावलं तुम्हाला," मी म्हणाले. "तुम्ही बरोबरच सांगत असाल. तरी घेते."

त्यांनी मॅटची गुंडाळी केली. मला वाईट वाटलं, पण बेत बदलावा इतकं नाही. येताना मी हिरव्या गाडीत एकटी आणि मागे माझी व्हॅन, नवरा चालवतोय, दोन तज्ज्ञ मागच्या सीटवर. आरशात तिघांचे चेहरे प्रेतयात्रेला निघाल्यासारखे दिसत होते.

एअरपोर्टचे फोन लगेच थांबले नाहीत, पण आता ते नवऱ्याला जायला लागले. व्हॅन त्याच्याकडे होती ना. गणपतीत त्याने तीन फेऱ्या मारल्या आणि घरी येऊन पाठ शेकत बसला. मी त्याला गरम पाण्याची पिशवी आणून दिली, माझ्या मते हे पुष्कळ झालं.

आणि मग सप्टेंबरात एका दुपारी, हायवेवर, हिरव्या गाडीच्या नाकातून वाफा निघाल्या. मी कशीबशी कडेला घेतली. बॉनेट उघडलं तर पाण्याचा एक पाइप उभा फाटलेला. गिअर ठणठणीत होता, ब्रेकही, आणि गंज जिथे होता तिथे गप्प बसला होता. पाण्याच्या पाइपकडे कुणी बघितलंच नव्हतं. आमच्या ओळखीत रेडिएटरमधलं कुणी नाही.

फोन हातात घेतला आणि थांबले. नवऱ्याला केला असता तर तो आला असता, लगेच, धावत. आणि निघण्यापूर्वी ग्रुपवर टाकलं असतं. मी टो ट्रकवाल्याला बोलावलं.

तो आला, ढेरपोट्या, निवांत, ट्रकच्या खिडकीतून एक कुत्रं डोकं बाहेर काढून माझ्याकडे बघतंय. त्याने बॉनेटमध्ये डोकावलं, खाली वाकून बघितलं, शिट्टी वाजवली आणि कपाळावरचा घाम पुसला.

"मॅम, खाली बराच गंज आहे. ही गाडी घ्यायची आयडिया कुणाची?"

माझ्या कपड्यांवर पाण्याचे डाग होते, मीटिंग बुडाली होती, ऊन मी म्हणत होतं. आणि तरी मला इतकं छान वाटलं, की त्याच्या कुत्र्याचाही मुका घेतला असता.

"माझी," मी म्हणाले. "एकटीची."