आज कालवा की ट्यूबवेल?

पाण्याच्या बाबतीत चंदीगडमध्ये कुणाचा शब्द शेवटचा असेल, तर तो आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांचा. निदान काकांचं स्वतःचं तसं ठाम मत आहे. हवाई दलातून निवृत्त होऊन ते इथेच राहिले, पण वाईचं पाणी काही त्यांच्या जिभेवरून उतरलं नाही. आमच्या नळाला कधी कालव्याचं पाणी येतं, कधी ट्यूबवेलचं. कालव्याचं हलकं, ट्यूबवेलचं जड. तुम्हाआम्हाला हा फरक केस गळायला लागल्यावर कळतो, काकांना एका घोटात. सकाळी नळ आला की ते पितळी फुलपात्र भरून बाल्कनीत येतात, घोट तोंडात घोळवतात, डोळे मिटतात आणि सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात हिंदीत निकाल देतात, "नहर का है जी, धो लो," नाहीतर "ट्यूबवेल है, बाल मत धोना." मग चादरी आज भिजवायच्या की उद्या, हे त्यावर ठरतं.

आयटी पार्कातल्या नोकरीसाठी मी सांगलीहून इथे आले, त्या पहिल्याच संध्याकाळी काका साबणाची वडी आणि वाटी घेऊन दारात उभे. नाव-गाव राहिलं बाजूला. "मला विचारल्याशिवाय केस धुवायचे नाहीत," म्हणाले. मी दार लावूनच घेणार होते, पण मागून काकू आल्या. "घाबरू नकोस गं, पाण्याबद्दल बोलतायत." पुढे ऑफिसातल्या एका मैत्रिणीला भाड्याचं घर बघायचं होतं, तर मी हौसेने काकांना बरोबर नेलं. घरमालक हॉल दाखवतोय, गच्ची दाखवतोय, आणि आमचे काका सरळ न्हाणीघरात. शॉवरवरचा पांढरा थर नखाने खरवडून बाहेर आले आणि त्या गृहस्थांना म्हणाले, "घर अच्छा है. आपके बाल कब गए?" त्यांना खरोखरच टक्कल होतं. घर हातचं गेलं, हे सांगायला नकोच.

काकांच्या निकालावर अपील मात्र रोज व्हायचं. तळमजल्यावरच्या पंजाबी आंटी बादली घेऊन अंगणात यायच्या. "अंकल जी, कित्थे है नहर? झाग ही नहीं बनदी." फेसच येत नाही म्हणे. काका वरून, "साबुन बदलो जी." मग मधल्या मजल्यावरून मी तोंड घालायची, काकू कुकरच्या शिट्ट्यांचा दाखला द्यायच्या, डाळीला तीन लागल्या तर कालवा, पाच लागल्या तर ट्यूबवेल. हे भांडण आंटींचा चहा होईपर्यंत चालायचं, आणि चहावर तवंग आलाय की नाही यावरून पुन्हा पेटायचं. काका बहुतेक वेळा बरोबर निघायचे, हे त्यातलं सगळ्यात वैतागवाणं.

गेल्या हिवाळ्यात काकांना ताप आला. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, पण खात्री नाही. "वरणात मीठ विसरले, तरी मुकाट्याने जेवले गं," काकूंनी मला जिन्यात हळूच सांगितलं. तरीही फुलपात्र घेऊन बाल्कनीत येणं काही चुकलं नाही. "नहर का है जी," काकांनी जाहीर केलं, आणि इकडे बादलीत साबण फाटलेल्या दुधासारखा तरंगतोय. मी आंटींकडे बघितलं, आंटींनी माझ्याकडे. "हां जी, पक्का नहर," आंटी म्हणाल्या. तेव्हापासून आम्ही सगळ्यांनी तेच धरलं. काका म्हणतील ते पाणी. महिनाभर मी त्यांच्या शब्दावर केस धुतले. केसांचा पार झाडू झाला, पण तक्रार केली नाही.

एका रविवारी डबा परत द्यायला वर गेले, तर काका भरलेलं फुलपात्र हातात धरून बाल्कनीत नुसते बसले होते.

"आज निकाल नाही?" मी विचारलं.

"कशाला? हल्ली सगळे हो म्हणतात." काकांनी फुलपात्रातलं पाणी जरा हिंदकळवलं. "माझी जीभ गेलीय, ते मला माहीत आहे गं. पण तुम्ही भांडायचंही सोडलंत. एवढा का मी म्हातारा झालो?"

वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली. शेवटी त्यांच्या हातातलं फुलपात्र घेतलं, घोट तोंडात घोळवला, डोळे मिटले. खरं सांगते, मला काडीचा फरक कळला नाही. "ट्यूबवेल," मी ठोकून दिलं.

काका ताठ झाले. "कशावरून?"

"जड लागतंय."

"तुला काय कळतंय जड नि हलकं? आण ती साबणाची वडी."

मी वडी आणेपर्यंत त्यांनी खाली आंटींना साक्षीला बोलावलं होतं आणि काकूंना कुकर चढवायला लावला होता. त्या दिवशी डाळीला नेमक्या चार शिट्ट्या लागल्या, आणि चारचा अर्थ काय धरायचा यावरून आमचं दुपारपर्यंत वाजलं. काकांचं जेवण खोळंबलं होतं, पण ते उठायला तयार नव्हते.

पुढच्या महिन्यात मी बदली होऊन पुण्याला जातेय. काकांना ते सांगायचं धाडस अजून झालेलं नाही. माझ्या जागी नागपूरची एक मुलगी राहायला येणार आहे. तिला मी फोनवर घराबद्दल फारसं काही सांगितलं नाही, एवढंच बजावून ठेवलंय: काकांचं म्हणणं पटलं नाही तर भांड, आणि पटलं तर जास्त भांड.