फुफीचा नवा खुबा

आमच्या मोहल्ल्यात अजराफुफीला ओळखत नाही असा माणूस नाही आणि तिला वचकून नाही अशी बाई नाही. ती नेमकी कुणाची फुफी, म्हणजे आत्या, हे आता कुणालाच सांगता यायचं नाही. सगळ्यांचीच फुफी. रत्नागिरीपासून तासाभरावर, खाडीच्या कडेला आमचं गाव. गावातली बाई वारली की पहिला निरोप मशिदीत जातो आणि दुसरा फुफीकडे, कारण मयताला गुसल, म्हणजे शेवटची आंघोळ, घालायचं काम तिचं. बाईला बाईनंच घालायची असते. आसपासच्या काही गावांत या कामाला बाहेरून कुणाला तरी आणावं लागतं. आमच्यावर ती पाळी फुफीनं कधी येऊ दिली नाही. भाताची लावणी चालू असो की घरात पाहुणे असोत, हातातलं टाकून निघायची, आणि त्या घरचा चहासुद्धा न घेता परत यायची.

तिची एक गोष्ट मला लहानपणापासून खुपायची. गुसल आटोपून ती बाहेर आली की ओटीवरच्या बायका हमखास विचारणार, चेहरा कसा होता, अंगावर काही दिसलं का. फुफीचं उत्तर ठरलेलं, "चांगली होती." मग ती बाई वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेली असो की विहिरीतून काढलेली. जे हातांनी पाहिलं ते तोंडानं सांगायचं नाही, हा तिचा नेम. माझ्या पोटात सकाळची गोष्ट दुपारपर्यंत राहत नाही, त्यामुळे मला याचा राग यायचा आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटायचा.

मी तूबा. फुफीच्या घरापासून दोन घरं सोडून राहते. नवरा मस्कतला, मी घरी शिवणकाम करते. फुफी मला बडबडी म्हणते आणि कामाला मात्र मलाच हाक मारते.

गेली काही वर्षं फुफी डाव्या पायानं लंगडत होती. तेल झालं, लेप झाला, कोल्हापूरच्या कुणाची तरी पुडी झाली. नमाज खुर्चीवर पढायची वेळ आली तरी तिनं तोंड वाकडं केलं नाही. मग एकदा गुसल घालताना ती तख्त्यावर, म्हणजे मयत ठेवतात त्या फळीवर, वाकली आणि तिला सरळच होता येईना. शेजारची उमैमा दारात पाणी देत उभी होती, तिनं आधार देऊन बाहेर आणली. त्या दिवशी पहिल्यांदा मी फुफीच्या चेहऱ्यावर भीती पाहिली.

रत्नागिरीच्या डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरून दाखवला. खुब्याचा सांधा पार झिजला होता, बदलल्याशिवाय इलाज नव्हता. पोरसवदा, गोड बोलणारे डॉक्टर. त्यांनी नीट समजावलं, की पहिले तीन महिने कमरेत वाकायचं नाही, जमिनीवर बसायचं नाही, पाटावर किंवा कुठल्याही बुटक्या बैठकीवर बसायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही. नाहीतर नवा सांधा जागेवरून निसटू शकतो. दुखेल किती, चालता कधी येईल, हे सगळे विचारतात. फुफीनं वेगळंच विचारलं, "मंग तवर गावच्या बायकांचा कोन करील?"

डॉक्टरांना मी अर्थ सांगितला. ते म्हणाले, "आजी, तुमच्या हाताखाली कुणी तयार नाही का?"

परतीच्या एसटीत फोन वाजला. तिचा मुलगा मन्सूर कतारहून सांगत होता की ऑपरेशन मुंबईला करू, ते तिनं अर्धवटच ऐकलं आणि रत्नागिरीलाच करायचं म्हणून फोन ठेवला. दुसऱ्या दिवसापासून तिची तयारी सुरू झाली, आणि ती तयारी दोन प्रकारची होती.

पहिली घराची. उमैमाच्या नवऱ्यानं, अक्रमनं, कुंपणासाठी आणलेल्या जांभ्या दगडाच्या चिऱ्यांतले चार उचलून फुफीच्या खाटेच्या पायांखाली ठेवले, म्हणजे उठताबसता खुबा दुमडायला नको. प्लास्टिकच्या तीन खुर्च्या एकात एक घालून उंच बैठक केली. उंच कमोड आला. वाटेतल्या गोधड्या आणि पायपुसणी गुंडाळून माळ्यावर गेली, खालच्या फळीवरचे डबे ओट्यावर आले. वॉकर आधीच आणून फुफी अंगणात चालायचा सराव करू लागली. ऑपरेशननंतर शिकत बसायला वेळ कुणाला आहे, असं तिचं म्हणणं.

दुसरी तयारी म्हणजे आम्ही. उमैमाला आणि मला तिनं बोलावून सांगितलं की गुसल शिकायचं. उमैमा शांत बाई, ती हो म्हणाली. मी शिवणाच्या ऑर्डरी सांगितल्या, पाठदुखी सांगितली, शेवटी खरं ते सांगितलं, की मला मयताची भीती वाटते, मी माझ्या आजीचा चेहरासुद्धा पाहिलेला नाही. फुफी म्हणाली, भीतीचं तुला विचारलंय कुणी, हात आहेत ना. झालं, विषय संपला.

आधी लोडावर शिकवलं. पण लोडाला ना हात ना मान. म्हणून एका दुपारी फुफी स्वतःच चिऱ्यांवरच्या खाटेवर उताणी झाली, डोळे मिटले आणि म्हणाली, चला, मी मेले. आम्ही तिच्यावर चादर घातली आणि चादरीखालून कोरड्या फडक्यानं धुण्याचं नाटक करू लागलो. उजवी बाजू आधी. मानेखाली हात. चादर सरकता कामा नये. मी घाबरून भलतीच बाजू धरली तसं मयत बोललं.

"मेलेल्या बाईनं बोलायचा नसतो. पन तुमी चुकताव म्हनून बोलतंय. आनि डावा पाय जपून, तो अजून जिवंत हाय."

उमैमा इतकी हसली की तिला बाहेर जाऊन पाणी प्यावं लागलं.

गावात मात्र भलतंच पसरलं. फुफीनं स्वतःला धुवून घेतलं, म्हणजे तिला कळून चुकलंय, ती काही दवाखान्यातून परत येत नाही. लोक माफी मागायला येऊ लागले. हजला निघालेल्या माणसाकडे येतात ना, तसे, 'कहा-सुना माफ करा' म्हणत. मन्सूरनं फोनवर रडून घेतलं. फुफी आधी हसली, मग वैतागली. येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागली, मी मरायला जात नाही, पण तीन महिने मला वाकता येणार नाही आणि मरण काही माझ्या पायासाठी थांबायचं नाही.

त्या रांगेत जैतूनबी आली, तेव्हा मी तिथंच होते. जैतूनबी फुफीच्याच वयाची, पलीकडच्या आळीतली, पण दोघींची परसं एकमेकांना लागून. कुंपणावर आलेल्या फणसाच्या फांदीवरून दोघींचं कित्येक वर्षं वाकडं होतं. लग्नात भेटल्या तरी चेहऱ्याकडे न बघता एकमेकींच्या बांगड्यांशी बोलायच्या. ती आली, टेकली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "माफी ऱ्हाऊ दे बाजूला. मना तुज्याच हातची आंगोळ हवी हाय. परक्या हातची नको."

फुफीनं तिच्याकडे पाहिलं. "मीच घालीन. शब्द देतंय. जा आता घरी."

फणसाचा विषय दोघींनीही काढला नाही. 

ऑपरेशन नीट पार पडलं. फुफीला ऑपरेशनची भीती नव्हतीच. भीती होती ती दुसऱ्या दिवशीच्या स्पंजची, म्हणजे पलंगावरच अंग पुसतात त्याची. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अंगाला पाणी लावलेल्या बाईला आपल्या अंगाला परका हात लागणार याची इतकी धास्ती होती की ती सकाळपासून चादर हनुवटीपर्यंत ओढून पडली होती. मी हात लावते म्हटलं तर मलाही नको म्हणाली.

पाली गावाकडची राही नावाची नर्स आली. पडदा ओढला. मनगटावर पाणी टाकून पाहिलं. चादर न काढता खालून फडकं फिरवू लागली, आणि प्रत्येक वेळी आधी सांगू लागली. "आजी, मी राही. आता उजवा हात पुसते हां. आता पाठ पुसायची आहे, तुम्हाला कुशीवर वळवते. पायांच्या मध्ये उशी ठेवली आहे, घाबरू नका. पाणी थोडं गार लागेल." कामाच्या रगाड्यातली पोरगी, आवाजात लाडिकपणा नाही की घाई नाही. फुफीनं धरलेली चादरीची मूठ हळूहळू सुटली. राही गेली आणि फुफी रडू लागली. मला वाटलं दुखतंय.

"तूबा, मी इतक्या बायका धुतल्या," ती म्हणाली. "तोंडात दुआ असायची. पन एकीला तरी सांगितला काय, की बाय गं, आता तुजी कूस वळवतंय?"

मी म्हटलं, त्यांना कुठं ऐकू येत होतं. फुफी म्हणाली, ते तुला काय ठाऊक आणि मला काय ठाऊक. 

घरी आल्यावर फुफीनं डॉक्टरांचे नियम रोज्यासारखे पाळले. पायांच्या मध्ये उशी घेऊन उताणी झोपायची. सांगितलेले व्यायाम दुखून डोळ्यांत पाणी आलं तरी करायची आणि मग मला शिव्या द्यायची, कारण समोर मी असायचे. तसबीह, तिची जपमाळ, खाली पडली तर आंबे काढायच्या आकडीनं ओढून घ्यायची, पण वाकायची नाही. खाटेवरून ओटीपर्यंत, ओटीवरून अंगणात, अंगणातून रस्त्यापर्यंत, असा तिचा मुलूख रोज थोडा वाढत होता. मी तिच्या जागी असते तर पडून राहून सगळ्यांना राबवलं असतं.

दीडेक महिना झाला असेल. सकाळच्या नमाजानंतर जैतूनबी गेली. चहा पिता पिता गेली. निरोप नेहमीसारखा फुफीकडे आला. मी आणि उमैमा पोहोचलो तेव्हा ती वॉकर धरून उभी होती, ओढणी डोक्यावर घेतलेली.

उमैमानं सांगितलं, आम्ही दोघी घालू, तुम्ही नुसतं बसा. फुफी भडकली. शब्द तिनं दिला होता, आम्ही नाही. मी म्हटलं, वाकलीस आणि खुबा निसटला तर परत त्याच खाटेवर जाशील, आणि पुढच्या वेळी गावाला ना तू, ना धड शिकलेल्या आम्ही.  फुफीच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि दोन्ही हात वॉकरवर असल्यामुळे ते पुसताही येत नव्हतं. मी पुसलं. मग आम्ही तिघी निघालो. ते एवढंसं अंतर चालायला फुफीला फार वेळ लागला आणि तेवढा वेळ जैतूनबीचं सगळं घर थांबून राहिलं.

जैतूनबीच्या घरी तख्ता मांडून ठेवला होता. नेहमीचा बुटका तख्ता, गुडघ्याइतकाही उंच नाही. फुफी त्याच्याकडे बघत राहिली. उमैमानं पाहिलं, दारापर्यंत गेली आणि बाहेर उभ्या असलेल्या अक्रमला हळूच काहीतरी सांगितलं. थोड्या वेळानं दाराशी चिरे येऊन पडले. फुफीच्या खाटेखालचे चार, आणि कुंपणाचे आणखी. आम्ही चिऱ्यावर चिरा ठेवून तख्ता वर घेतला, फुफीच्या कमरेइतका. कुणी तरी म्हणालं, असं कधी केलेलं नाही. फुफी म्हणाली, केलेलं नाही, पण मनाई तरी कुठं केलीय.

जैतूनबीला त्यावर ठेवून चादर घातली. फुफी तिथंही एकात एक घातलेल्या खुर्च्यांवर बसली. मी चादरीखाली हात घातला. शिकलेलं सगळं डोक्यातून गेलं. मी फुफीकडे पाहिलं.

"तिला सांग आधी," फुफी म्हणाली.

मला कळेना काय सांगू. मग तोंडातून आलं, "जैतूनदादी, मी तूबा. तुझे ब्लाउज शिवायची ती. आता तुझा उजवा हात धुते." आणि हातांना पुढचं आठवलं. खरंच आठवलं. उमैमा पाणी घालत होती, मी सांगत होते, पाणी कोमट आहे, आता केस, आता कूस वळवते. बडबडी म्हणून आयुष्यभर शिव्या खाल्ल्या, त्या दिवशी माझी बडबड कामी आली.

शेवटचं कापराचं पाणी राहिलं तशी फुफी उठली. डावा हात वॉकरवर, पाठ ताठ, मान ताठ. उजव्या हातात तांब्या. तख्ता तिच्या हाताला बरोबर येत होता.

"जैतून, मी अजरा," ती म्हणाली. "वाकायचा नाय सांगितलाय, म्हनून उभ्यानं घालतंय. शेवटचा पानी हाय."

तिनं पाणी घातलं, सावकाश, डोक्यापासून पायापर्यंत, एक थेंब बाजूला न सांडता. मी फुफीचं आयुष्यभर ऐकत आले होते, पण ती केवढी मोठी आहे हे मला तेव्हा समजलं.

कफन घालून झाल्यावर मी आधी बाहेर आले. ओटीवरच्या बायका वाट बघतच होत्या. चेहरा कसा होता गं, एकीनं विचारलं. सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं.

"चांगली होती," मी म्हटलं, आणि फुफीला धरायला परत आत गेले.