दोन बाटल्यांची वाटणी

हॉस्पिटलच्या वॉर्डात बाईंनी तीस वर्षं जेवण वाढलं, पण कुणाच्या ताटात डावभर जास्त पडलं असं कधी झालं नाही. मोठ्या डॉक्टरांचा मेहुणा पेशंट म्हणून आला, तरी त्यालाही तेवढंच. सगळे त्यांना तराजूबाई म्हणत आणि त्यांना त्याचा भारी अभिमान होता. तोच पुढे नडला.

घरात नवरा आणि धाकटा दीर. दोघांनी उभा जन्म छापखान्यात काढला आणि दोघांच्याही बोटांचे सांधे सुजून बसले. हॉस्पिटलात एका नव्या औषधाची चाचणी निघाली, तेव्हा बाईंनीच दोघांची नावं घातली. औषध गांजाच्या झाडातलं आहे हे कळल्यावर नवरा म्हणाला, म्हातारपणी गंजेटी व्हायचं तेवढं राहिलं होतं. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की हा त्या झाडातला सौम्य भाग, याने नशा चढत नाही. दुखणं कमी होतं का, तेच तर बघायचंय. निम्म्या लोकांना औषध, निम्म्यांना नुसतं तेल. कुणाला काय, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. ज्याची बाटली त्यानेच घ्यायची, हे मात्र त्यांनी दोनदा बजावलं.

तिसऱ्या आठवड्यात दीर शर्टाची बटणं स्वतः लावून बाहेर आला. भरलेला कप एका हातात धरून घरभर मिरवला. नवरा मात्र जिथल्या तिथे. कण्हायचा आणि भावाच्या हातांकडे बघत बसायचा. ते बाईंना बघवेना. एकाच घरात एकाला औषध आणि दुसऱ्याला तेल, हे त्यांच्या पचनीच पडेना. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मनात वाईट नसलं की माणूस जास्तच बिनधास्त चुकतो. एका दुपारी दोघे झोपलेले असताना त्यांनी दोन्ही बाटल्या एका भांड्यात ओतल्या, ढवळल्या आणि थेंबाचाही फरक न करता पुन्हा भरल्या. पुढच्या बाटल्यांचंही तेच.

नवऱ्याला गुण आला नाही. दिराची बोटं पुन्हा आखडली. बाईंना सगळं कळत होतं, पण सांगायला जीभ रेटेना.

चाचणी संपली. ज्यांना गुण आला, त्यांना औषध पुढे मिळणार होतं. दिराच्या कागदावर 'उपयोग नाही' असा शेरा पडला, तेव्हा कुठे बाई डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन रडल्या. त्या रागावल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं. अर्धी मात्रा दोघांनाही पुरली नसावी, म्हणाल्या. आता दोघांच्याही नोंदी बाद होतील. औषध अजून बाजारात नाही, तेव्हा माझ्या हातात काही नाही.

घरी येऊन बाईंनी दिराला सगळं सांगितलं.

"दादासाठी मी अख्खी बाटली दिली असती, वहिनी," तो म्हणाला. "पण मला विचारायचं तरी होतंत."