सरळ केलेले शाफ्ट

मी मायक्रोस्कोपमधून डोकं वर काढलं. पाटीलशेठ समोरच्या स्टुलावर बसले होते आणि ऑपरेशन थिएटरबाहेरच्या नातेवाइकासारखे माझ्याकडे बघत होते.

"किती नंबर आला, मॅडम?"

"दोन. काही ठिकाणी एक."

त्यांचा चेहरा खुलला. "पयला-दुसराच ना? मग टेन्शन नाय."

ग्रेन साइजचा नंबर उलटा चालतो, हे त्यांना सांगणं माझ्या जिवावर आलं. धातू आतून सलग वाटतो, पण तो असंख्य कणांचा बनलेला असतो. शिऱ्यात रव्याचे कण एकमेकांना चिकटून बसतात, साधारण तसे. त्या कणांना आम्ही ग्रेन म्हणतो. ते जितके बारीक, तितका नंबर मोठा. पाटीलशेठच्या गिऱ्हाइकाला पाच नंबर किंवा त्याहून बारीक हवे होते. आणि मला तर रव्यात साबुदाणे सांडल्यासारखं दिसत होतं.

पाटीलशेठ कुंभवलीचे. त्यांचं फोर्जिंगचं शॉप आहे, म्हणजे लालभडक धातू हॅमरखाली ठोकून आकार द्यायचा. इतकी वर्षं त्यांनी स्टीलचंच काम केलं. निकेल अलॉयची ही पहिली ऑर्डर: अ‍ॅसिडच्या पंपांचे लांब शाफ्ट. निकेलला अ‍ॅसिड सहजासहजी खात नाही, म्हणून तो महागडा धातू. फोर्जिंग त्यांनी केलं आणि हीट ट्रीटमेंट आमच्या युनिटनं, तारापूर एमआयडीसीत. तिथली मेटॅलर्जिस्ट मी. शाफ्ट हजार अंशांच्या चांगलंच वर तापवायचे, थोडा वेळ तसेच ठेवायचे आणि पाण्यात बुडवायचे. याला सोल्यूशन अ‍ॅनिलिंग म्हणतात. त्यानं धातू आतून एकसारखा होतो. निदान व्हायला हवा.

आमचे मालक मेहतासाहेब लॅबमध्ये आले. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग पाटीलशेठकडे, आणि भट्टी सांभाळणाऱ्या रामआसरेला हाक मारली.

"टेम्परेचर ज्यादा गया क्या?"

"नहीं सेठ. बराबर था."

खरं तर माझाही पहिला संशय भट्टीवरच होता. जास्त तापलं की ग्रेन वाढतात, हे कॉलेजातलं पोरही सांगेल. मी भट्टीच्या सगळ्या कोपऱ्यांत थर्मोकपल लावून तापमान तपासून घेतलं. रामआसरे दिवसभर माझ्याशी कामापुरतंच बोलला. भट्टी निर्दोष निघाली. मी त्याला सॉरी म्हटलं. तो म्हणाला, "कोई बात नहीं मैडम, सब पहले भट्टी को ही पकड़ते हैं." यातला 'सब' मला लागला.

मग मी दुसरी थिअरी काढली. कच्चा मालच खराब असणार. उरलेल्या बारचा तुकडा कापून पाहिला. ग्रेन बारीक, सुंदर, फोटो काढून भिंतीवर लावावेत असे.

दोन थिअऱ्या पडल्यावर शहाण्या माणसानं गप्प बसावं. मी पाटीलशेठना धीर दिला.

"घाबरू नका. पुन्हा तापवू. ग्रेन परत बारीक करून देते."

"होतील?"

"माझी हयात यात गेली आहे, शेठ."

हयात गेली होती ती स्टीलमध्ये. स्टीलमध्ये हे खरंच होतं. ठरावीक तापमानाच्या वर गेलं की स्टीलच्या अणूंची आतली मांडणीच बदलते. जुने ग्रेन मोडतात आणि त्यांच्या जागी नवे, बारीक ग्रेन उगवतात. ग्रेन मोठे झाले तर पुन्हा तापवून पाटी कोरी करता येते. मी हे इतक्या वेळा केलं होतं, की निकेल वेगळा वागेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

एक शाफ्ट पुन्हा भट्टीत घातला. थंड झाल्यावर तुकडा कापला, पॉलिश केला, अ‍ॅसिड लावून मायक्रोस्कोपखाली ठेवला. साबुदाणे आता वाटाण्याएवढे झाले होते.

मेहतासाहेबांनीही डोळा लावला. त्यांना ग्रेनमधलं फारसं कळत नाही, पण हे कळलं.

"मॅडम, ये तो बढ़ गया."

"हो."

"आपने बोला था कम होगा."

"हो."

 

त्या संध्याकाळी सरावलीला घरी येऊन मी कॉलेजचं पुस्तक काढलं. पान सापडलं. त्यावर माझ्याच हातच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. म्हणजे हे मी कधी तरी शिकले होते, आणि महत्त्वाचं आहे असं मला वाटलंही होतं.

निकेलची मांडणी थंड असल्यापासून वितळेपर्यंत एकच राहते. नुसतं तापवून त्यात नवे ग्रेन येत नाहीत. जुनेच फुगत जातात. नवे हवे असतील तर धातूला आधी चांगला ठोकावा लागतो. ठोकल्यानं आत ताण साठतो, आणि तापवल्यावर त्या ताणातून नवे ग्रेन फुटतात. भरपूर ठोकलं तर भरपूर ग्रेन फुटतात आणि दाटीमुळे सगळे बारीक राहतात. पण अगदी थोडंसंच ठोकलं तर मोजकेच फुटतात. त्यांना अख्खं रान मोकळं मिळतं. ते अवाढव्य वाढतात.

मी पुस्तक मिटलं. आमच्या शाफ्टची टोकं चांगली होती. मोठे ग्रेन होते फक्त मधल्या भागात, पृष्ठभागाजवळ. म्हणजे तिथे कुणी तरी धातूला थोडासाच मार दिला होता, तोही थंड असताना.

सकाळी पाटीलशेठना फोन लावला.

"शेठ, फोर्जिंगनंतर शाफ्टचं काही केलंत?"

"काय नाय. फक्त सरळ केले. थंड झाल्यावर वाकले होते ना जरा. प्रेसवर घेतले, मध्ये दाब दिला, दोरी लावून चेक केले. एकदम सरळ."

"कशाला पण?"



"तुमीच बोलल्या होत्या. मागच्या खेपेला, स्टीलचे शाफ्ट वाकडे आले तवा. सगळ्यांसमोर बोलल्या, शेठ, हे शाफ्ट आहेत की केळी? मला लाज वाटली. आमी ठरवलं, मॅडमकडे आता वाकडा माल न्यायचा नाय."

मला ते वाक्य आठवलं. मी ते बोलले होते, आणि त्यावर सगळे हसले म्हणून खूशही झाले होते.

आता निव्वळ अंदाजावर चालणार नव्हतं. माझ्या अंदाजांची पत तोवर संपली होती. त्यांच्याकडच्या एका फोर्ज केलेल्या बारचे दोन तुकडे मागवले. एक प्रेसवर हलकासा वाकवून सरळ केला, दुसऱ्याला हात लावला नाही. दोन्ही भट्टीत शेजारी ठेवले. बाहेर आले तेव्हा पहिल्यात साबुदाणे होते आणि दुसऱ्यात रवा.

मेहतासाहेबांनी दरवाजा लोटला. "टोकांचे नंबर चांगले आहेत ना? अ‍ॅव्हरेज काढली तर रिपोर्ट बसेल?"

बसला असता, ओढूनताणून. पण पंपाचा शाफ्ट फिरतो, सतत पीळ खातो. मोठ्या ग्रेनच्या जागी तडा लवकर जातो. आणि शाफ्ट तुटतो तेव्हा पंपात अ‍ॅसिड असतं नि पंपाजवळ माणूस.

"सर, शाफ्ट मोडतो तो मधल्या भागातच. टोकांची अ‍ॅव्हरेज त्याला कुठे ठाऊक असते?"

त्यांनी टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवला. म्हणाले, "फोन आप ही करो."

मी गिऱ्हाइकाच्या क्वालिटी इंजिनिअरला सगळं सांगितलं. केळ्यांचं वाक्यही सांगितलं, कारण त्याशिवाय गोष्ट पुरी होत नव्हती. तो बराच वेळ हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, "कळवलंत ते बरं केलंत. नवा लॉट द्या, पण लवकर." जुने शाफ्ट वाया गेले नाहीत. पाटीलशेठनी ते तापवून हॅमरखाली चांगले बारीक ओढले आणि त्याच कंपनीच्या छोट्या पंपांचे शाफ्ट केले. भरपूर ठोकल्यावर त्यांचे ग्रेन पुन्हा बारीक झाले.

नवा लॉट टेम्पोतून उतरला तेव्हा शाफ्ट किंचित वाकडे होते. मशिनिंगला वरचा थर तसाही कापला जातो, त्यात तो बाक जाणार होता. पाटीलशेठ शाफ्टकडे न बघता माझ्याकडे बघत होते.

"वाकडे हायेत, मॅडम."

"उत्तम आहेत."

नंबर सहा आला. मी सांगायच्या आत पाटीलशेठनी विचारलं, "सा म्हणजे चांगला, बरोबर?"

आता कुठलाही माल आला की भट्टीत जाण्याआधी मी विचारते, याला थंड असताना कुणी हात लावलाय का? गिऱ्हाइकं चक्रावतात. धातूला नुसतं तापवून मागचं पुसता येत नाही, हे मी त्यांना समजावते. आणि वाकड्या मालावर विनोद करत नाही. त्याचे ग्रेन फार मोठे होतात.