मुलीचे मामा टोलच्या लेनमध्ये

हायवेच्या मधोमध कठडा घालून, पैसे भरणाऱ्यांसाठी टोलची वेगळी लेन झाली, तेव्हा बाबांनी घरात आणि सगळ्या नातेवाइकांत जाहीर केलं, "मेलो तरी त्या लेनमधून जाणार नाही." कुणी विचारलं नव्हतं. घाटकोपरहून कुठेही निघालो, की त्या लेनमधून सुसाट जाणाऱ्या गाड्यांकडे बघत ते "पैशाचा माज" म्हणायचे आणि आमची गाडी ट्रकच्या मागे इमानदारीत उभी करायचे. बाकी माणूस अगदी साधा, पण टोल म्हटलं की अंगात येतं.

आत्याच्या मुलीचं लग्न मुलुंडला होतं. बाबा तिचे एकुलते एक मामा. गौरीहरापाशी बसलेल्या नवरीला बोहल्यावर आणायचा मान त्यांचा. आणि विक्रोळीला गाड्या हलेनात.

आई म्हणाली, "मुहूर्त टळला की मग काय तुमचं तत्त्व उभं करायचं बोहल्यावर?"

बाबांनी दातओठ खात गाडी टोलच्या लेनमध्ये घातली. दोनच मिनिटांत चेहरा खुलला. पुढे कुणी नाही, मागे हॉर्न नाही. "काय झकास रस्ता केलाय रे!" म्हणत ते चक्क शीळ घालायला लागले. आई "अहो, डावीकडे!" ओरडेपर्यंत मुलुंडला बाहेर पडायची वाट मागे गेली होती. कठड्यापलीकडे लग्नाचा हॉल दिसला. फाटकात आत्या शालू सावरत हात हलवत होती. बाबांनीही हलवला. दुसरं काय करणार?

ठाण्याहून वळून आलो ते बाबांच्या लाडक्या फुकटच्या गर्दीत. मला आधी हसू येत होतं, पण बाबांनी तिसऱ्यांदा घड्याळ बघितलं तेव्हा मी ते आवरलं. आत्याचा फोन आला, "गुरुजी म्हणतायत, दुसऱ्या कुणाला तरी मामा म्हणून उभं करा."

"कर," बाबा म्हणाले. 

हॉलमध्ये शिरलो तेव्हा "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं" असं माइकवर ओरडून गुरुजींचा घसा बसला होता. नवरी गौरीहरापासून उठायलाच तयार नव्हती. "माझा मामा आईला हायवेवर दिसलाय ना, मग येईल तो," एवढंच सगळ्यांना सांगत होती.

बाबा धापा टाकत तिच्यासमोर उभे राहिले. तिने वर बघितलं.

"मामा, तू टोल भरलास?"

"भरला गं."

तिचे डोळे भरून आले. मुंडावळ्या सावरत तिने हात पुढे केला.

"चल. पण बोहल्यापाशी थांब हां, पुढे निघून जाऊ नकोस."