नानांचं ओलं फडकं

नानांच्या खिशात कायम एक ओलं फडकं असायचं आणि ते माझ्या जिवावर उठलेलं होतं. जळगावच्या एमआयडीसीत आमचा कारखाना विमानांचे सुटे भाग बनवतो. कुठला भाग कधी कापायचा, कधी तपासायचा, हे मी ठरवते. मी फळ्यावर तारखा लिहायच्या आणि तपासणीवाल्या नानांनी त्या पुसायच्या. न विचारता!

"अहो नाना, ती तारीख होती!"

"तारीख तुनी शे माय, पार्ट मना शे."

झालं! मी परत खडू उचलायचा.

नाना रोज अमळनेरहून गाडीनं यायचे. माल कधी तपासून होईल विचारलं, की एकच उत्तर: "व्हई जाई." अहो, होऊन जाईल, पण कधी? वरून फोन येतात, त्यांना मी काय 'व्हई जाई' सांगू? नाना शांतपणे चष्मा पुसत बसायचे, त्याच फडक्यानं.

एकदा चाळीस ब्रॅकेटांची ऑर्डर आली. "उशीर झाला तर दुसरी नोकरी बघ," शेठनी मला तोंडावर सांगितलं. धातूच्या प्रत्येक सळईवर नंबर असतो. कापण्याआधी तो प्रत्येक तुकड्याच्या जागी छापायचा, म्हणजे विमानातला कुठला भाग कुठल्या सळईचा, हे कायम कळतं. त्यात अर्धा दिवस जातो. मी कापणाऱ्याला म्हटलं, "आधी काप, छाप नंतर मार." शहाणी ना मी!

सरकारी तपासनीस यायच्या आदल्या दुपारी नानांनी सगळा माल अडवला. सळयांच्या उरलेल्या टोकांवर दोन नंबर होते आणि सगळ्या भागांवर एकच. दुसऱ्या सळईतून एकच तुकडा कापलेला होता आणि तो यात मिसळला होता.

"मग तो एक काढा, एकोणचाळीस जाऊ द्या!" मी किंचाळले.

"काढ. यामा तो कोनता शे?"

चाळीसच्या चाळीस सारखे चकचकीत. मी एकेक उलटून पाहिला.

शेठ तणतणत आले. "कापताना लक्ष कोणाचं होतं?"

मी मान खाली घातली. नाना म्हणाले, "माझं, शेठ. चूक माझी."

चाळीसही भाग भंगारात गेले, नवे करून माल उशिरा गेला. सगळ्यांदेखत बोलणी नानांनी खाल्ली आणि माझी नोकरी राहिली. संध्याकाळी ते फळ्यापाशी येऊन एवढंच म्हणाले, "छापाना अर्धा दिवस लिख. तो मी पुसनार नही."

खरंच कधी पुसला नाही. बाकीच्या तारखा मात्र दुसऱ्याच दिवशी साफ! सोडतायत कसले!

गेल्या महिन्यात नाना निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात शेठ हसत म्हणाले, "इतक्या वर्षांत नानांची चूक एकच. ते चाळीस ब्रॅकेट!" सगळे हसले. नानाही हसले, माझ्याकडे न बघता.

उठून खरं सांगायचं होतं. मी टाळ्या वाजवल्या.